बिजलीच्या पाठीवरची पांढरी साळुंकी

“घरातनं बाहीर काढलाच न्हाय म्हणतासा न्हवं? मंग ह्यो गुलाल कुठनं आला? आपसूक उगवला?”

बसवेशनं कॅमेरा विजयसिंहच्या नाकाम्होरं धरला. लेन्सच्या रबरी कड्याला बारीक बारीक खाचा असत्यात, त्यातल्या एका खाचेत गुलाबी रेघ हुती. केसाएवढी. दुसऱ्या कुणाला ती दिसलीबी नसती. पण बसवेश गवळ्याचं पोरगं. म्हशीच्या कानामागची गोचीड त्यो दहा हातावरनं दावायचा.

“गुलाल कसला, कायतरी पुसायचं ऱ्हायलं असंल,” विजयसिंह म्हणला.

“वास घिऊन बघा. जोतिबाचा हाय.”

“आता वासावरनं देव वळखतोस व्हय? पोलिसातलं कुत्रं हाईस का काय तू?”

“कुत्रं कुणाला म्हणतासा ओ?”

“बसव्या!” सुष्मितानं मागनं तेचा शर्ट वडला. “खाली बस. कॅमेरा घ्यायला आलोय आपण, कुस्ती खेळायला न्हाय.”

सुष्मिता म्हंजे तेची थोरली बहीण. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. बसवेशनं दहावीतच शाळंला रामराम ठोकलेला, गणिताच्या सरांच्या टेबलावर वही आपटून. तवापास्नं पहाटं धारा, मंग घरोघरी दूध, मंग म्हशी नदीवर, असा तेचा दिवस. पाय एका जाग्याला थांबायचं न्हाईत आन् तोंडबी न्हाय. अठराव्यात हुता, पण राग सात वर्साच्या पोराचा.

गारगोटीत लग्नाचं फोटू काढणाऱ्या विजयसिंहनं फोनवर जाहिरात टाकलेली. ‘कॅमेरा, लांबची लेन्स, पिशवी. घरगुती वापर. चोवीस हजार.’ बसवेशकडं पंचवीस हुतं, दीड वर्स दूध घालून स्वतः साठिवलेलं. दोघं भाऊ-बहीण कोल्हापुरास्नं पन्नास किलोमीटर गाडी हाणत आलेली.

“म्हैस घेताना आमी काय करतो म्हायती हाय?” बसवेश म्हणला. “शिंगं बघत न्हाय. धार काढून बघतो. ह्येची बी धार काढूनच बघणार.”

“काढ की बाबा,” विजयसिंहनं हात जोडलं.

सुष्मितानं पंधरा दिवस फोनवर नुसतं कॅमेऱ्याचंच वाचलेलं. तिनं पांढऱ्या भितीचा एक फोटू काढायला लावला. फोटू मोठा करून बघितला तर भितीवर धा-बारा काळं ठिपकं. बसवेश उठून भितीला नाक लावून आला.

“भितीवर एक बी डाग न्हाय. सगळं कॅमेऱ्याच्या पोटात हाय. गुलाल आत गेलाय ओ!”

“आन् शटर किती पडलंय?” सुष्मितानं इचारलं.

ते म्हंजे गाडीच्या किलोमीटरवाणी असतंय. कॅमेऱ्याच्या आत एक पडदा, दर फोटूला उघडतोय आन् मिटतोय. मोजलं तर दीड लाखाच्या वर. विजयसिंहनं खुर्चीत अंग टाकलं.

“तीन यात्रा. एकशेचाळीस लग्नं. आन् एक सरपंचाची मिरवणूक,” त्यो पुटपुटला. “पण लेन्स बघ की मर्दा! एवढी लांब लेन्स ह्या पैशात कुठं गावायची न्हाय. तुला पाखरं काढायची हायत न्हवं? मंग लांबच पायजे.”

तेच तर दुखणं हुतं. बसवेशला लांबचीच पायजे हुती. आन् तीबी रविवारच्या आत.

तेचं कारण असं. दिवाळी झाल्यापास्नं पंचगंगेच्या काठाला तेच्या म्हशींमागं साळुंक्यांचा एक थवा येत हुता. म्हशी चरताना गवतातनं किडं उडत्यात, ते टिपायला. त्या थव्यात एक साळुंकी पांढरीधोट हुती. नुसतं पंखावर पांढरं न्हवं, सगळीच. दुधात बुडवून काढल्यागत. बसवेशनं तोंड उघडं टाकून तासभर बघितली. आन् कळंब्याच्या तळ्यावर पाखरं मोजणारी माणसं येत्यात, तेंच्यातल्या गणपतरावांना पळत जाऊन सांगितलं. गणपतराव बिद्रीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर हुतं, आता रिटायर. हातभर लांब लेन्स, डोक्यावर गोल टोपी. माणूस चांगला, पण आयुष्यभर काट्यावर बसल्यानं दाखवल्याशिवाय कायबी मानायचं न्हाय.

“बगळा असेल, बाळ,” ते म्हणलेलं.

“बगळा आन् साळुंकी मला कळत न्हाय व्हय?”

“फोटो आहे का? फोटो नसेल तर नोंद नाही. असं कुणीही उठून काहीही सांगेल. दहावी तरी पुरी करायची होतीस.”

चौघं हसली. बसवेशच्या कानाची पाळी तापली ती महिनाभर गार झाली न्हवती. त्या लोकांची दरसाल एक पुस्तिका निघायची. तेच्यात ‘विशेष नोंदी’ म्हणून एक पान, कुणी काय बघितलं तेचं, नावासकट. यंदाची पुस्तिका रविवारी संध्याकाळी छापायला जाणार हुती. बसवेशचं नाव आजवर एकदाच चारचौघांत लिवलं गेलेलं, शाळेच्या फळ्यावर. गैरहजर मुलांच्यात, पयल्या नंबराला.

“ही गुलालाची म्हैस नगं आमाला,” सुष्मिता म्हणली. “दुसरा हाय का कुठला?”

विजयसिंहनं कपाटातनं एक जुना कॅमेरा काढला. “माझ्या मंडळीचा. मोनाचा. ती निस्ती बारक्या पोरांचं फोटू काढत हुती, घरात बसवून. हेचं शटर दहा हजारबी न्हाय. पण लेन्स बारकी हाय.”

सुष्मितानं भितीचा फोटू काढला. लखलखीत. एक बी ठिपका न्हाय. बसवेशनं लेन्सचं कडं बघितलं, खाचा बघितल्या, पट्टा हुंगला. बेबी पावडरीचा वास. मंग डोळ्याला लावून खिडकीतनं तारंवरचा कावळा बघितला आन् तेचं डोस्कंच फिरलं.

“ह्यो कावळा हाय का जोंधळ्याचा दाणा? कायबी गळ्यात मारतासा व्हय? ठेवा तुमचा तुमाला. जवळनं नवरीचं नाक फुगवून दावत बसा!”

आन् गेला तरातरा बाहीर. चप्पल एकच घातलेली, दुसरी घ्यायला परत आला, तवाबी विजयसिंहकडं न बघता गेला.

एसटी स्टँडाम्होरं चहाच्या गाड्यावर सुष्मितानं दोन कप सांगितलं. बसवेशनं खारी अशी बुडिवली की अर्धी कपातच ऱ्हायली.

“झालं? निवलं?” सुष्मिता म्हणली.

“न्हाय.”

“मंग तापल्या तापल्याच सांग. पांढरी साळुंकी तुझ्यापास्नं किती लांब असती?”

“कवा?”

“रोज. तू बघतोस तवा.”

बसवेशनं रस्त्यावरच्या पाण्याच्या पिंपाकडं बोट केलं. “त्येवढी. कवा कवा त्याच्या बी अल्याड. परवा आपल्या बिजली म्हशीच्या पाठीवर बसलेली, म्या बिजलीची शेपटी धरून हुतो.”

“आन् गणपतरावांपास्नं?”

“तेंच्यापास्नं? ते नुसतं लांबनं दिसलं तरी उडत्यात सगळी. चार माणसं, हिरवी जाकिटं, ताठ चालत येत्यात. पाखराला काय कळत न्हाय व्हय?”

“मंग तुला बघून का न्हाय उडत?”

“म्या म्हशीच्या आडनं चालतोय की. पाखराला वाटतंय, दोन पाय जादा असल्याली म्हैस हाय.”

सुष्मितानं कप तोंडाला लावला. चहा पीत ऱ्हायली. बसवेशच्या डोळ्याम्होरं आधी पिंप आलं, मंग बिजलीची शेपटी आली, मंग त्यो जोंधळ्याचा दाणा आला. तेच्या कपातली खारी विरघळून गेली.

“आयला,” त्यो म्हणला. “लांबची लेन्स तेला पायजे, जेला जवळ जाता येत न्हाय.”

“आता कसं? बिनडागी कॅमेरा आज घे. उरल्यालं पैसं ठेव. फुडल्या दिवाळीला साठवून चांगली लांबची लेन्स त्यालाच बसव. लेन्स बदलता येत्यात, गुलाल बदलता येत न्हाय.”

“पण अक्का… परत जायाला पायजे तिथं.”

“जायाला पायजे.”

“म्या नाकाचं बोलून आलोय.”

“आलायस.”

बसवेशनं स्टँडाला दोन फेऱ्या मारल्या. माफी ह्यो शब्द तेच्या तोंडात कवाच न्हवता. शेवटी गाड्यावरनं चार चहा बांधून घेतलं आन् स्टुडिओच्या दारात जाऊन हुबा ऱ्हायला.

“या पावणं,” विजयसिंह आतनं म्हणला. “कुणाचं नाक ऱ्हायलंय फुगवायचं?”

“चहा आणलाय,” बसवेश भितीकडं बघून बोलला.

तेवढ्यात आतल्या दारातनं मोनावैनी आली. हात कणकेचं, पदर खोचल्याला. “माझ्या कॅमेऱ्याला नावं ठेवणारा ह्योच का? आन् काढणार काय रं तू तेच्यानं?”

“पांढरी साळुंकी.” सांगून बसवेशनं मान वर केली. आता हसंल, मंग आपण भडकू, मंग सगळंच मुसळ केरात, असं तेला वाटलं.

“असंल की,” मोनावैनी म्हणली. “माझ्या आईनं पांढरा कावळा बघितल्याला. शेवटपत्तुर सांगायची बिचारी, कुणी खरं मानलं न्हाय.”

बसवेशच्या कानाची पाळी तिथं, त्या दारात, पयल्यांदा जरा गार झाली. तेनं गळ्यातला टॉवेल काढला आन् हातावर पसरला. जनावराच्या बाजारात सौदा तोंडानं करत न्हाईत. टॉवेलाखाली हातात हात घ्यायचा आन् बोटं दाबून भाव सांगायचा, भवतालच्यास्नी कळू न देता. तेला दुसरी रीतच म्हायती न्हवती.

“ह्ये काय रं?” विजयसिंह मागं सरला. “हात कशाला धरतोस मर्दा?”

“सरका तुमी,” मोनावैनी हसली. तिनं हात पुसलं आन् सरळ टॉवेलाखाली घातला. “माझा बाप मलकापूरच्या अंगाचा, बैलांचा दलाल. बोल.”

दोघांच्या तोंडावर कायबी न्हाय. टॉवेल तेवढा हलत हुता. बसवेशनं दोन बोटं दाबली, वैनीनं चार दाबली. बसवेशनं मान हलिवली, वैनीनं जीभ चावली. विजयसिंह नवरा असून टॉवेलाकडं लग्नातल्या बिनआमंत्रणाच्या पावण्यागत बघत हुता. शेवटी वैनीनं बसवेशच्या तळव्यावर एक फटका मारला आन् हात काढला.

“झालं. पिशवी फुकाट.”

“कितीला झालं?” विजयसिंहनं इचारलं.

“तुमाला काय करायचं? कॅमेरा माझा हाय.”

मंगळवारी कॅमेरा घरात आला. अव्वानं, म्हंजे तेच्या आईनं, तेला हळद-कुकू लावायला काढलं, तवा बसवेश वराडला, “अव्वा, खाचंत नगं!” मंग अव्वानं पिशवीला लावलं.

बुधवारी काढल्याल्या सत्तर फोटूंत एकोणसत्तर शेपट्या हुत्या. सत्तरावा बापाच्या, आप्पांच्या टकलाचा, त्यो मातूर झकास आल्याला. साळुंकी आली तरी पांढऱ्या धुरागत आली. सुष्मितानं वरची चकती फिरवून दिली. “माझं ऐक. हजारावर ठेव, म्हंजे पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटतोय. पाखरू हललं तरी तेला हलताना धरतंय.” शुक्रवारपत्तुर बोटं बसली. पण शनिवारी पांढरी साळुंकी आलीच न्हाय. घारीनं नेली का काय म्हणून बसवेश जेवला न्हाय, आन् का जेवत न्हाईस म्हणून इचारलं तर सगळ्यांच्या अंगावर धावला.

रविवारी सकाळी धुकं हुतं. पंचगंगा निस्ती वाफ सोडत हुती. बिजली म्होरं, तिच्या मागं सहा म्हशी. बिजली म्हंजे तेच्या गोठ्याची शान. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातलं गवळी म्हशी नटिवत्यात, शिंगं रंगिवत्यात आन् मोटारसायकलीच्या मागं पळिवत्यात, सायलेन्सर काढून, गल्ली दणाणून सोडत. बिजलीला बसवेशनं रेडकू असल्यापास्नं तयार केल्याली. फाटक्या आवाजाची गाडी ऐकली की तिची शेपटी वर, कान ताठ, आन् गाडी थांबंपत्तुर ती बी थांबायची न्हाय. सलग दोन पाडवं बक्षिसाचा फेटा तिनंच मिळिवलेला.

सातच्या सुमाराला थवा उतरला. एक, दोन, पाच, आठ भुऱ्या. आन् नववी पांढरी.

बसवेशनं वाकूनच फोन लावला. “सर! आलीया! पंचगंगेवर, घाटाच्या वरल्या अंगाला! असशीला तसं या! आन् लांब नगा लावू गाडी, थेट आत गवतात आणा, न्हायतर उडून जाईल!”

गणपतराव जवळच ऱ्हायचं. एरवी ते गाडी फर्लांगभर लांब लावायचं, कारण तेंच्या जुन्या फटफटीच्या सायलेन्सरला मूठभर भोक पडल्यालं हुतं आन् तिच्या आवाजानं मेल्यालं पाखरूबी उडालं असतं. हे बसवेशला म्हायती हुतं. बिजलीचंबी म्हायती हुतं. पण दोन्ही एका जागी आणून इचार करायला डोस्कं थंड लागतंय.

बसवेश बिजलीच्या आड वाकला. तिच्या पाठीवर कोपर टेकलं. शेजारच्या म्हशीच्या पायात पांढरी साळुंकी टुणटुण करत हुती. सात हात. सहा. एक नाकतोडा उडाला, साळुंकीनं मान वर केली. सुष्मिता लांब बांधावर श्वास धरून बसल्याली. बसवेशनं बोट ठेवलं…

फाट्-फाट्-फाट्-फाट्!

धुक्यातनं गोल टोपी आली, गळ्यातली हातभर लेन्स आली, आन् खाली भोक पडल्याली गाडी. बिजलीचं कान ताठ झालं.

“न्हाय, न्हाय, न्हाय! बिजले!” बसवेशनं शेपटी धरली. शेपटी हातातनं वर गेली.

“कुठंय? कुठंय तो बगळा?” गणपतराव वराडलं. मंग धुक्यातनं आपल्याकडं काय येतंय ते तेंना दिसलं. तेंनी गाडी वळवली आन् मूठ पिळली. झालं. बिजलीला वाटलं, आज पाडवा.

बसवेश मोकळ्या रानात उघडा पडला. थवा भर्रकन उडाला. महिनाभराचं, दीड वर्साचं, सगळंच उडालं. पण त्यो थवा कुठं गेला? जिथं म्हैस पळती तिथं किडं उडत्यात, आन् जिथं किडं तिथं साळुंकी. थव्यानं हवेत एक गिरकी घेतली आन् बिजलीच्या मागं लागला. पांढरी सगळ्यांत म्होरं. गणपतरावांनी गवतात एक गोल फेरी मारली आन् फिरून बसवेशच्या म्होरनंच आलं. टोपी उडाल्याली, मान मागं वळल्याली. मागं बिजली, चारी पाय हवेत. आन् बिजलीच्या पाठीवर, पंख पसरून तोल सावरत, पांढरी साळुंकी.

बसवेशनं दाबलं. दाबूनच धरलं. खटखटखटखट.

“गाडी बंद करा, सर! बंद करा!” त्यो वराडला. पण त्या भोकाच्या आवाजात कुणाला काय ऐकू जातंय.

सुष्मिता पळत आली. दोघांनी मागच्या काचेवर डोकी घातली. सगळंच आलं हुतं. सर, टोपी, बिजली, घाटाची देवळं, आन् मधोमध ती. सुष्मितानं मोठं करून बघितलं. आखूड मान, आखूड पिवळं पाय, डोळ्यामागं पिवळी पट्टी.

“लांबची लेन्स असती तर?” ती म्हणली.

“बिजलीची एक नाकपुडी आली असती,” बसवेश म्हणला आन् खुळ्यागत हसाय लागला.

तवर गणपतराव दुसऱ्या फेरीला आलं. एका हातानं गाडीचा आरसा दावत, गळा फाडून वराडत हुतं.

“साळुंकी! साळुंकीच आहे रे! आरशात दिसली! पांढरीच आहे! नोंद करतो, पण हिला थांबव!”

“नाव नीट घाला सर! बसवेश रुद्राप्पा गवळी! श ला काना न्हाय!”

गाडी रस्त्याला लागली. मागं बिजली, तिच्यामागं उरल्याल्या सहा म्हशी बी लागल्या, कारण बिजली जाईल तिथं त्या जायच्या. दुधाच्या गाडीवाल्यानं ब्रेक मारला. कुणीतरी शिट्टी वाजिवली.

“बसव्या, अजून एकदा दाव की, ती पंखाची…” सुष्मितानं कॅमेऱ्याला हात घातला.

“धर तूच, आन् पट्टा गळ्यात घाल आधी! मागनं बघू काय बघायचं ते. आता जातो म्या अक्का, बिजली पुलावर चढली!”